मोटारीचे राज्य कोणते?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



आजच्या विषयाचे नाव ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. परराज्यातील विक्रेत्याकडून नवी मोटार विकत घेणे आणि तिची नोंदणी आपल्या राज्यात करणे, हा समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गाचा विषय होऊ शकतो काय? ज्यांना मोटार घ्यावयाची आहे त्यांनी विक्रेत्याकडे जावे, एजंटाकडे जावे; चळवळीला त्याचे काय? शंका स्वाभाविक आहे. परंतु कर कोणाकडून किती घ्यावा, तो कोणत्या राज्याच्या तिजोरीत जावा, आणि राज्याची सीमा ओलांडणाऱ्या साध्या माणसाला कायदा कसा वागवितो, हे तीनही प्रश्न या एका व्यवहारात एकत्र येतात. शिवाय मोटार ही आज केवळ श्रीमंतांची चीज उरलेली नाही. शाळामास्तर, परिचारिका, दुकानदार, स्वतःची गाडी भाड्याने चालविणारा तरुण, असे सारे कर्ज काढून गाडी घेतात, आणि त्यांपैकी अनेकांना पोटासाठी राज्य बदलावे लागते.

प्रथम व्यवहार समजून घेतला पाहिजे. महाराष्ट्राच्या सीमेवरील तालुक्यांत परराज्यातून खरेदी करणे यात नवलाचे काहीच नाही. चंदगडच्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. दोडामार्गच्या माणसाला म्हापसा जवळ. तलासरीला वापी, तर सिरोंच्याला तेलंगणातील बाजारपेठा. तेथील बाजार, दवाखाना, सोयरीक सारे पलीकडे असताना गाडी तेवढी अलीकडेच घ्यावी, असा कोणताही कायदा नाही. कधी हवे ते मॉडेल इकडे महिनोन्‌महिने मिळत नाही आणि पलीकडच्या विक्रेत्याकडे उभे असते; कधी तो किमतीत चार पैसे सोडतो. संविधानाच्या ३०१ व्या अनुच्छेदाने देशभर व्यापाराचे स्वातंत्र्य दिले आहे, तेव्हा खरेदीदाराने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

मात्र खरेदी आणि नोंदणी या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि साऱ्या घोटाळ्याचे मूळ या दोहोंची गल्लत करण्यात आहे. खरेदी कोठेही करता येते. नोंदणी कोठे करावयाची हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ४० वे कलम सांगते : मालकाचे निवासस्थान किंवा व्यवसायाचे ठिकाण, जेथे वाहन सामान्यतः ठेवले जाते, तेथे. २०१९ च्या दुरुस्तीने यात एवढीच सवलत दिली की, त्या राज्यातील कोणत्याही नोंदणी प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. म्हणजे चंदगडच्या मालकाला महाराष्ट्रातील कोणतेही कार्यालय चालेल. पण बेळगावचे चालणार नाही, गाडी बेळगावात घेतली असली तरीही.

याच २०१९ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली. नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज करण्याची जबाबदारी तिने विक्रेत्यावर टाकली. पण गाडी विक्रेत्याच्याच राज्यात नोंदवावयाची असेल तरच. राज्याची सीमा आली की ही जबाबदारी संपते आणि सारा भार ग्राहकाच्या डोक्यावर येतो. विक्रेता त्याला तात्पुरती नोंदणी करून देतो, पिवळ्या पाटीवर तांबड्या अक्षरांतला क्रमांक लावून देतो, विमा उतरवितो, आणि हाती कागदांचा गठ्ठा ठेवतो : विक्रीचे प्रमाणपत्र म्हणजे नमुना २१, वाहन रस्त्यावर चालविण्यास योग्य असल्याचा निर्मात्याचा दाखला म्हणजे नमुना २२, बीजक, विम्याचे कागद आणि तात्पुरत्या नोंदणीचा दाखला. पुढे ग्राहकाने आपल्या राज्यात येऊन नमुना २० भरावा, पत्त्याचा पुरावा जोडावा, कर्ज असल्यास बँकेची नोंद करून घ्यावी, कर भरावा, निरीक्षकाने गाडी पाहावयास मागितली तर ती दाखवावी, आणि तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपण्यापूर्वी हे सारे उरकावे. यातील एकही पायरी मुळात अवघड नाही. अवघड असते ती माहिती नसणे. आणि माहिती नसते तेथे एजंट उभा राहतो. चौकोनी गाडीला चौकोनी कागद लागतो हे सांगण्याचेही तो पैसे घेतो. कार्यकर्त्यांनी हे नमुन्यांचे क्रमांक टिपून ठेवावेत. एजंटाचे निम्मे शास्त्र तेवढेच आहे.

आता कराकडे वळू. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू होण्यापूर्वी प्रत्येक राज्याचा विक्रीकर निराळा, महापालिकांची जकात निराळी. एका राज्यात कमी कर म्हणून तेथे गाडी घ्यावयाची आणि घरी आणावयाची, हा राजमार्ग होता. तो बुजविण्यासाठी महाराष्ट्राने १९८७ साली मोटार वाहनांच्या स्थानिक क्षेत्रातील प्रवेशावर कर बसविणारा कायदा केला : परराज्यात भरलेल्या कराची वजावट द्यावयाची आणि उरलेला फरक येथे वसूल करावयाचा. प्रवेशकराच्या एकंदर तत्त्वावर देशभर दावे चालले. नोव्हेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने जिंदल स्टेनलेस खटल्यात राज्यांचा हा अधिकार बहुमताने मान्य केला. राज्ये जिंकली, आणि आठच महिन्यांत वस्तू व सेवा कर लागू होऊन प्रवेशकरच संपुष्टात आला. घटनेचा इतिहास कधी कधी असा थट्टेखोर असतो.

आज गाडीच्या किमतीतील या कराचा दर सर्वत्र एकच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवर तो १८ टक्के, मोठ्या गाड्यांवर ४० टक्के, आणि विजेवरच्या गाड्यांवर ५ टक्के आहे. त्यामुळे या बाबतीत परराज्यात जाऊन पैसा वाचत नाही. तो कर कोणत्या राज्याला मिळावा, हा प्रश्न मात्र काही वर्षे लोंबकळत राहिला. चंदगडच्या ग्राहकाने बेळगावच्या दुकानातून गाडी चालवीत घरी आणली तर माल कर्नाटकात सुपूर्द झाला, म्हणून राज्याचा हिस्सा कर्नाटकाला जाई. १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम बदलला. कराच्या नोंदणीत नसलेल्या सामान्य ग्राहकाच्या बाबतीत बीजकावर जो पत्ता, ते राज्य करपात्र, असे ठरले. तेव्हा सीमेपलीकडे गाडी घेणाऱ्याने बीजकावर स्वतःचा खरा पत्ता घालून घ्यावा. त्याच्या खिशाला तोशीस पडत नाही, पण त्याच्या राज्याच्या शाळा-दवाखान्यांचा पैसा त्याच्या राज्यात येतो. ही बारीकशी गोष्ट गावोगावच्या ग्राहकांना कोणी सांगत नाही.

खरा फरक पडतो तो मोटार वाहन कराने, ज्याला बोलीभाषेत रोड टॅक्स म्हणतात. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या ५७ व्या नोंदीनुसार हा कर राज्यांचा आहे, आणि प्रत्येक राज्याने आपापला दर ठरविला आहे. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल मोटारीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२ टक्के, त्यावर १३ टक्के असा एकरकमी कर; कंपनीच्या नावावर गाडी असल्यास २० टक्के. कर्नाटकात १० ते २० लाखांच्या गाडीला १७ टक्के आणि वर अधिभार. म्हणजे १२ लाखांच्या त्याच गाडीवर कागलच्या अलीकडे १,४४,००० रुपये, आणि निपाणीत अधिभार सोडून २,०४,००० रुपये. गाडी तीच, रस्ताही तोच राष्ट्रीय महामार्ग. मध्ये एक कमान आहे, एवढाच काय तो फरक.

या तफावतीचा गैरफायदा कोण घेतो? शाळामास्तर घेत नाही. त्याला एकच घर असते आणि एकच पत्ता. गैरफायदा घेण्यासाठी दुसऱ्या राज्यात पत्ता विकत घेण्याची ऐपत लागते. २०१७ साली केरळात जे प्रकरण उघडकीस आले ते या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. पुदुच्चेरीत मोटारीवरचा कर केरळाच्या मानाने अगदीच अल्प. केरळात राहणाऱ्या आणि केरळातच गाडी फिरविणाऱ्या अनेक धनिकांनी आपल्या आलिशान मोटारी पुदुच्चेरीतील पत्त्यांवर नोंदविल्या असल्याचे आढळले. त्यातले कित्येक पत्ते तेथे न राहणाऱ्यांचे होते. चौकशी झाली, काही चित्रपट-कलावंतांवर आणि एका राज्यसभा-सदस्यावरही गुन्हे नोंदविले गेले. कायद्याचे शब्द येथे स्वच्छ आहेत : गाडी जेथे सामान्यतः ठेवली जाते. जी गाडी सदैव कोचीच्या बंगल्यात उभी असते, तिचे राज्य पुदुच्चेरी कसे? कोट्यवधींच्या गाडीवरचे काही लाख वाचविण्यासाठी भाड्याची खोली दाखवावयाची, आणि वर याला ‘करनियोजन’ असे भारदस्त नाव द्यावयाचे, हा आजचा शिष्टाचार आहे. पुदुच्चेरीचे नाव गाजले एवढेच. कमी कराची लहान राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश यांच्या पाट्या लावलेल्या गाड्या शेजारच्या मोठ्या शहरांतून वर्षानुवर्षे फिरताना कोणी पाहिल्या नाहीत?

परंतु धनिकांना परराज्यात जाण्याची गरजही फारशी पडत नाही, हे महाराष्ट्राच्याच कायद्यात दिसते. येथे वरवर पाहता किमतीबरोबर दर चढतो, आणि कोणालाही वाटावे की व्यवस्था पुरोगामी आहे. पण त्याला एक कमाल मर्यादा आहे. ती २० लाख रुपये होती. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाने ती ३० लाख केली. ३० लाखांवर कर वाढतच नाही. ८ लाखांची गाडी घेणाऱ्या मास्तराला ११ टक्क्यांनी ८८,००० रुपये भरावे लागतात. १० कोटींची गाडी घेणाऱ्याला ३० लाख, म्हणजे ३ टक्के. आणि ज्याच्याकडे गाडीच नाही, त्या एस.टी.च्या प्रवाशाचे काय? त्याच्या तिकिटामागे साडेसतरा टक्के प्रवासी कर वर्षानुवर्षे आकारला गेला. बाजाराला निघालेली म्हातारी साडेसतरा टक्के, मास्तर अकरा टक्के, दहा कोटींचा धनी तीन टक्के. ही उतरंड विधिमंडळात कोणी अशी एकाखाली एक मांडली तर सभागृहाला कदाचित लाज वाटेल. म्हणूनच ती वेगवेगळ्या कायद्यांत वाटून ठेवलेली असते.

आता दुसऱ्या बाजूकडे, पोटासाठी राज्य बदलणाऱ्याकडे. पुण्यात गाडी घेऊन पंधरा वर्षांचा कर एकरकमी भरलेला माणूस चार वर्षांनी बंगळूरला नोकरीस गेला. कायद्याचे ४७ वे कलम सांगते की, दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवल्यास तेथील नोंदणीक्रमांक घेतला पाहिजे. त्यासाठी पुण्याच्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला. कर्ज असेल तर बँकेची संमती. मग बंगळूरला गाडीच्या वयाप्रमाणे घटविलेला पण पुन्हा नव्याने सारा कर. आणि नवा क्रमांक मिळाल्यावर, उरलेल्या वर्षांचा महाराष्ट्राचा कर परत मिळावा म्हणून पुण्याला अर्ज. परताव्याची तरतूद कायद्यात आहे. परंतु आधी पूर्ण भरा आणि मग मागा, हा तिचा क्रम आहे. सरकारला देणे असले की ते आगाऊ आणि एकरकमी. सरकारकडून येणे असले की ते अर्जावर आणि सवडीने. राज्य सोडून गेलेला माणूस जुन्या गावच्या कार्यालयात किती खेपा घालणार? पुष्कळजण ती रक्कम सोडून देतात. त्या सोडलेल्या रकमांचा हिशेब कोणी मांडत नाही.

कर्नाटकाने २०१४ साली तर बारा महिन्यांचीही वाट न पाहता, तीस दिवसांहून अधिक काळ राज्यात राहिलेल्या परराज्यातील गाडीवर आजीव कर बसविण्याची दुरुस्ती केली होती. बंगळूरच्या रस्त्यांवर परप्रांतीय पाट्यांच्या गाड्या अडविल्या जाऊ लागल्या. २०१६ साली उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द ठरविली. कर चुकविणाऱ्या धनिकासाठी विणलेल्या जाळ्यात प्रत्यक्षात सापडला तो नुकताच नोकरीवर रुजू झालेला इंजिनियर, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

केंद्र सरकारने या त्रासावर २०२१ साली उपाय काढला. १५ सप्टेंबर २०२१ पासून ‘बी.एच.’ म्हणजे भारत मालिकेची नोंदणी सुरू झाली. या मालिकेतील गाडीला राज्य बदलले तरी क्रमांक बदलावा लागत नाही, आणि कर पंधरा वर्षांचा एकदम न भरता दोन-दोन वर्षांचा भरावयाचा. दर १० लाखांच्या आत ८ टक्के, २० लाखांपर्यंत १० टक्के, त्यावर १२ टक्के. डिझेलला दोन टक्के अधिक, विजेच्या गाडीला दोन टक्के कमी. योजना सुटसुटीत आहे यात शंका नाही. पण ती कोणासाठी? सैनिकांसाठी, केंद्र व राज्य सरकारच्या आणि सार्वजनिक उपक्रमांच्या कर्मचाऱ्यांसाठी, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खाजगी कंपन्यांच्या नोकरांसाठी. सैनिकाला ती मिळाली हे योग्यच झाले. पण नाशिकच्या छोट्या कारखान्यातून सुटून सुरतेच्या छोट्या कारखान्यात लागलेल्या कामगाराला ती नाही. खाजगी शाळेतील शिक्षिकेला नाही. गवंडीकामाचा ठेका घेऊन हैदराबादला जाणाऱ्याला नाही. म्हणजे ज्याची बदली कंपनी करते, ज्याच्या स्थलांतराचा खर्चही बहुधा कंपनीच देते, त्याची गाडी अखिल भारतीय. आणि ज्याला बेकारी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात लोटते, त्याची गाडी प्रांतिक. ‘भारत’ हे नाव देऊन भारतातील बहुसंख्यांना वगळणारी योजना आखण्यास विशेष कौशल्य लागते.

यावर कोणी म्हणेल, मग साऱ्या देशाला एकच दर लावून टाका. एप्रिल २०१८ मध्ये राज्यांच्या परिवहनमंत्र्यांच्या गटाने नेमकी हीच शिफारस केली होती, आणि दरही तेच ८, १०, १२ सुचविले होते, जे पुढे बी.एच. मालिकेत आले. एकच दर केला की पुदुच्चेरीची वाट आपोआप बंद होईल, हे खरे. पण किंमत कोण देणार? महाराष्ट्राचा दर ११ वरून ८ वर येईल, कर्नाटकाचा १७ वरून १० वर. वस्तू व सेवा करानंतर राज्यांच्या हाती स्वतःच्या अधिकाराने दर ठरविता येईल असे उरले आहे तरी काय? मद्य, इंधन, मुद्रांक शुल्क आणि हा मोटारीवरचा कर. त्यातलाही एक दिल्लीच्या स्वाधीन करावयाचा आणि मग रस्त्याच्या डागडुजीसाठी दिल्लीकडेच हात पसरावयाचे, ही सत्तेच्या विकेंद्रीकरणावर श्रद्धा असणाऱ्यांना मानवणारी गोष्ट नव्हे.

आणि तशी गरजही नाही. समवर्ती सूचीची ३५ वी नोंद फारशी कोणी वाचत नाही. यांत्रिक वाहने हा विषय तिच्यात आहेच. शिवाय त्यांवरील कर ज्या तत्त्वांनुसार बसवावयाचा ती तत्त्वे, असाही तिचा स्पष्ट उल्लेख आहे. घटनाकारांनी दर राज्यांकडे ठेवला आणि तत्त्वे ठरविण्यास संसदेला वाव ठेवला. मग तत्त्वे अशी ठरविता येतील : गाडीचा कर ती ज्या राज्यात प्रत्यक्ष वापरली जाते तेथे, तेवढ्याच वर्षांपुरता द्यावा, दोन-दोन वर्षांनी भरण्याची मुभा कंपनीच्या नोकरालाच नव्हे तर प्रत्येक नागरिकाला असावी, गाडीने राज्य बदलले तर उरलेल्या कराचा हिशेब दोन सरकारांनी आपसांत करावा, नागरिकाला मध्ये टपालवाला करू नये. देशभरच्या वाहनांची नोंद आज ‘वाहन’ या संगणकीय व्यवस्थेत आहे. पुण्यातून गेलेली गाडी बंगळूरला नोंदविली गेली, हे कळण्यासाठी मालकाच्या अर्जाची गरज कोणत्याही कार्यालयाला असू नये. दर मात्र प्रत्येक राज्याने आपापला ठेवावा, आणि महाराष्ट्राने तर ती ३० लाखांची मर्यादा प्रथम काढून टाकावी.

कमी कराच्या राज्यांनी धनिकांच्या गाड्या ओढू नयेत यासाठी नवा कायदाही लागत नाही. विम्याचा पत्ता, टोलनाक्यावरच्या फास्टॅगच्या नोंदी, दंडाच्या पावत्या, यांवरून एखादी गाडी वर्षभर कोठे फिरली हे सरकारला घरबसल्या समजते. महिनाभर आलेल्या नोकरदाराला चौकात अडविण्याऐवजी एक कोटीच्या वरच्या, परराज्यातील पाटीच्या गाड्यांची यादी काढली तर ती परिवहन खात्याच्या एका टेबलावर मावेल. ती काढली जात नाही याचे कारण तांत्रिक नाही.

सीमाभागातील शाखांनी एक काम लगेच हाती घेण्यासारखे आहे. कागल, चंदगड, दोडामार्ग, देगलूर, तलासरी येथील बाजाराच्या दिवशी एक मेज मांडून परराज्यातून गाडी घेणाऱ्यांना नमुने भरून द्यावेत, बीजकावर पत्ता कोणता घालावा ते सांगावे, आणि राज्य सोडून गेलेल्यांपैकी कोणाचा कराचा परतावा किती वर्षे अडला आहे त्याची नोंद तारखांसह घ्यावी. अशा पन्नास नोंदी जमल्या की परिवहन आयुक्तांकडे जाताना केवळ निवेदन न्यावे लागणार नाही.